चढपट्टा

श्लोक केंजळेला इंजिनिअर होण्यापासून अडवणारी गोष्ट जगात एकच उरली होती आणि तिचं नाव होतं एम-थ्री. इंजिनिअरिंगचं तिसरं गणित. बाकीचे विषय त्याने कधी घासून, कधी नशिबाने, तर एकदा पेपर फुटून परीक्षा परत झाली म्हणून, असे एकेक करून काढले होते. एम-थ्री मात्र निघेना. चार वेळा बसला, चार वेळा आपटला. बरोबरची मुलं पुण्याला, बंगळुरूला नोकरीला लागली, एकाला तर जुळी झाली. श्लोक आपला अजून एक्स आणि वायमध्येच.

साताऱ्यात 'केंजळे मंडप डेकोरेटर्स' हा त्याच्या वडिलांचा धंदा. धनाजी केंजळे माणूस हौशी. मुलाने कॉलेजात पाऊल टाकलं त्याच आठवड्यात त्यांनी टेम्पोवर स्वतःच्या नावाखाली 'इंजि. श्लोक' असं रंगवून घेतलं होतं. आता दर निकालाला श्लोकची आई 'इंजि.' या अक्षरांवर गुपचूप चिकटपट्टी लावायची आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरला की वडील ती सोलून काढायचे. त्यापायी तिथला रंगही उडत चालला होता.

२०४४च्या उन्हाळ्यात विद्यापीठाचं पत्रक आलं. जुना अभ्यासक्रम बंद होणार, ही शेवटची परीक्षा. आता नापास झाला तर आधीचं पास झालेलंही सगळं पाण्यात.

श्लोक ढ नव्हता. एकच चल, म्हणजे नुसता एक्स, असेपर्यंत त्याचं कलन, म्हणजे कॅल्क्युलस, बरं चाललं होतं. एक चल म्हणजे एक रस्ता. रस्ता चढतोय की उतरतोय, चढ किती, हे त्याला कळायचं. पण चल दोन झाले की रस्ता जाऊन तिथे अख्खा डोंगर येतो. डोंगरावर पुढे जायला एक दिशा नसते, हजार असतात. आता चढ किती, असं विचारलं तर आधी विचारावं लागतं, कुठल्या दिशेने? फळा सपाट, वही सपाट, आणि डोंगर डोक्यात उभा करायचा. श्लोकच्या डोक्यात तो कधी उभाच राहिला नाही.

"तुला काय येत नाही तेच मला कळत नाही," बोकील मॅडम म्हणायच्या. उर्मिला बोकील निवृत्तीला आलेल्या होत्या. शिडशिडीत अंगाच्या, आवाज खणखणीत. सगळ्या वर्गांत बोलके पडदे आले तरी मॅडमनी आपला खडू सोडला नव्हता. तरी पण त्या उन्हाळ्यात त्याच मॅडम एक खोकं घेऊन आल्या. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांचा जुना विद्यार्थी संशोधन करत होता. त्याने चाचणीसाठी पट्टे पाठवले होते.

"याचं नाव प्रवणता-बोध पट्टिका," मॅडम म्हणाल्या.

मुलांनी संध्याकाळच्या आत त्याचं 'चढपट्टा' करून टाकलं.

दिसायला तो कंबरदुखीच्या पट्ट्यासारखाच. फक्त आतून कमरेभोवती चिमुकल्या मोटारी शिवलेल्या, मोबाइल थरथरतो तशा थरथरणाऱ्या. आपण मैदानावर कुठे उभे आहोत हे पट्ट्याला वीतभर इकडेतिकडे इतकं अचूक कळायचं. मॅडम त्यात एक फलन भरायच्या, म्हणजे मैदानाच्या प्रत्येक जागेसाठी एक उंची. डोळ्यांना मैदान सपाटच, पण पट्ट्याच्या लेखी तिथे डोंगर उभा. तुम्ही जिथे असाल तिथून सर्वांत जास्त चढ ज्या बाजूला, त्या बाजूची मोटार कमरेला थरथरणार. चढ तीव्र असेल तर जोरात, मंद असेल तर हळू.

"केंजळे, फक्त पूर्वेला एक पाऊल टाक," मॅडम मैदानाच्या कडेवरून ओरडल्या. "उत्तरेला अजिबात सरकू नको. किती चढलास?"

"थोडासाच, मॅडम."

"तो एक आंशिक विकलज. एकालाच हलवायचं, बाकीच्यांना धरून ठेवायचं. आता परत ये आणि फक्त उत्तरेला जा."

"इकडे जास्त आहे!"

"तो दुसरा. आता दोन्ही एकत्र केलेस की सगळ्यात खडा चढ कुठे ते कळतं. त्याला म्हणायचं ग्रेडियंट. जा, कंबर नेईल तिकडे जा."

कंबर नेईल तिकडे श्लोक निघाला. डोळे मिटले होते, चेहऱ्यावर भक्तिभाव होता. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला डोंगर लागला होता. चढत चढत तो मैदानाच्या टोकापर्यंत गेला आणि व्हॉलीबॉलच्या खांबावर सपशेल आदळला. शिखर खांबाच्या पलीकडे होतं.

"मॅडम, कळलं!" तो कपाळ चोळत म्हणाला. कपाळावर टेंगूळ आलं होतं, पण तो हसत होता.

पुढच्या तीन आठवड्यांत जे झालं ते प्रयोगशाळेला अपेक्षितच होतं. मेंदू कवटीच्या अंधारात बसलेला असतो. त्याने उजेड कधी पाहिलेला नसतो, आवाज ऐकलेला नसतो. त्याच्यापर्यंत येतात त्या फक्त विजेच्या बारीक टिचक्या. त्या डोळ्यांकडून आल्या काय नि कमरेकडून आल्या काय, त्यांत काही संगती असेल तर मेंदू ती शोधतो आणि तिची एक जाणीव करून टाकतो. मुलांना थरथर जाणवेनाशी झाली. तिच्या जागी नुसता चढ कळू लागला, डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते कळतं तसा. वर्गचाचणीत श्लोकला वीसपैकी चौदा मिळाले. घरी धनाजींनी फॉर्म भरायची वाट न बघता चिकटपट्टी सोलली.

इथवर सगळं ठीक होतं. पण कॉलेज म्हटलं की हॉस्टेल आलं, आणि हॉस्टेलवर रुद्र कुलथे राहत होता.

रुद्रला दुसऱ्याने केलेली कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय झोप येत नसे. त्याने श्लोकच्या पट्ट्याचं सॉफ्टवेअर उघडलं. त्या काळात सगळ्यांच्या मनगटावर विम्याच्या कंपनीने दिलेलं कडं असायचं. ते नाडी, घाम, त्वचेचं तापमान असं सगळं मोजून माणसाच्या मनःस्थितीचा एक आकडा काढायचं, शून्य ते शंभर. त्याला म्हणायचे प्रसन्नांक. तरुण पोरं आपला प्रसन्नांक मित्रमंडळींना उघडा ठेवायची, कारण लपवला तर लोक विचारायचे, काय झालंय? धनाजी, बोकील मॅडम आणि बहुतेक मोठ्या माणसांचा तर सगळ्यांनाच उघडा होता, कारण तो बंद कसा करायचा हे त्यांना सापडलं नव्हतं.

"बघ," रुद्र म्हणाला. "मैदानाच्या जागी माणूस. उंचीच्या जागी त्याचा प्रसन्नांक. तुझ्या हातात दोन चल. पुढे म्हणजे जास्त बोल, मागे म्हणजे गप्प बस. उजवीकडे म्हणजे हो म्हण, डावीकडे म्हणजे विरोध कर. तू बोलताना जरा इकडेतिकडे होतोसच. तेवढ्यावरून पट्टा दोन्ही आंशिक विकलज काढतो. मग काय, कंबर नेईल तिकडे जायचं."

"आणि माझा स्वतःचा प्रसन्नांक?"

"तो वगळलाय. तो मध्ये आला की आकडेमोड डळमळते."

श्लोकने पहिला प्रयोग वडिलांवर केला. धनाजी गोदामात पडद्यांचे गठ्ठे मोजत बोलत होते. झालर कशी असावी, हल्लीच्या पोरांना झालरीतलं काही कसं कळत नाही, सोनेरी झालरीची शान काय वेगळीच असते. एरवी श्लोक म्हणाला असता की सोनेरी झालर लावली की लग्नाचा मांडव नाटकाच्या पडद्यासारखा दिसतो. आज पट्ट्याने मागे आणि उजवीकडे ओढलं. श्लोक गप्प बसला आणि मान डोलावत राहिला.

"तुला धंद्यातलं कळायला लागलंय रं," धनाजी शेवटी म्हणाले. त्यांचा आकडा नव्वदीला पोचला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं.

गिऱ्हाइकांना मात्र बोललेलं आवडायचं. त्यांच्यासमोर श्लोक पुढे सरकायचा. एका बाईंना साध्या बारशासाठी राजवाड्याची कमान विकून आला. बोकील मॅडमचा चढ तर भलताच निघाला, पुढे आणि डावीकडे. त्यांना वाद घातलेला आवडत होता! श्लोकने भर वर्गात उठून म्हटलं, "मॅडम, ही सिद्धता मला पटलेली नाही." मॅडमचा चेहरा फुलला. तो उगाचच हरकती काढत राहिला, मॅडम उत्तरं देत राहिल्या. हरकत काढायची म्हणजे आधी सिद्धता वाचावी लागते, या भानगडीत त्याचा थोडा अभ्यासही झाला.

आणि मग आर्वी.

आर्वी शेडगे पहिल्या वर्षी त्याच्याच बाकावर होती. ती वेळेत पास होऊन एका भूमापनाच्या कंपनीत लागली. ड्रोन उडवून डोंगरांचे समोच्च नकाशे काढायची. दोघं दोन वर्षं बरोबर फिरत होती, आणि त्या दोन वर्षांत आर्वी त्याच्यावर सरासरी एक दिवसाआड चिडत आली होती. तो हळू बोलतो, उशिरा येतो, विचारलं तर धड काही सांगत नाही. आता पट्ट्याने सगळं सरळ केलं. कुठे थांबायचं, कुठे बोलायचं, कुठे 'तुझं चुकतंय' म्हणायचं, कंबर सांगायची. आर्वी हसायला लागली. काही दिवसांनी तिच्याबरोबर असताना पट्टा पार शांत झाला. कुठल्याच बाजूला चढ उरला नाही.

"शिखर," रुद्र म्हणाला. "आता हलू नको."

श्लोक हललाच नाही. आणि आर्वीच म्हणाली, "घरी बोलूया का आता?"

बैठक रविवारी दुपारी केंजळ्यांच्या घरी ठरली. आर्वी आणि तिचे वडील आले. शेडगे काका एसटीच्या आगारात नियंत्रक होते. अजूनही घड्याळ बघितल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. श्लोकच्या आईने पोहे केले. श्लोकने शर्टाच्या आत पट्टा बांधला आणि त्याला दोन माणसं जोडून ठेवली, पप्पा आणि आर्वी. दोघांच्या आकड्यांची बेरीज चढती ठेवायची, एवढंच तर काम.

पोहे संपेपर्यंत बेरीज चढतीच होती. मग धनाजींनी हात धुतले आणि विषय काढला.

"लग्न आपल्याच मांडवात. दोन हजार पान. अख्ख्या साताऱ्यानं बघितला पाहिजे, असा मांडव घालतो."

"काका," आर्वी म्हणाली, "मला नोंदणी पद्धतीने करायचंय. पन्नास माणसं. आमचं बोलणं झालंय. हो ना, श्लोक?"

श्लोकने कमरेकडे लक्ष दिलं. 'हो' म्हटलं की आर्वीचा आकडा जेवढा चढणार तेवढाच पप्पांचा उतरणार. बोललं तर आर्वीला बरं वाटणार, गप्प बसलं तर पप्पांना. उजवी ओढ डावीने खाल्ली, पुढची मागचीने. पट्टा एकदम शांत झाला.

आणि दोन महिन्यांत श्लोकच्या मेंदूने एक गोष्ट पक्की शिकली होती. पट्टा शांत म्हणजे शिखर. शिखर म्हणजे सगळे खूश. हलायचं नाही.

तो प्रसन्न हसत बसून राहिला.

"श्लोक, बोल ना," आर्वी म्हणाली.

श्लोक हसला.

"अरे, पन्नास माणसं म्हंजे काय श्राद्ध हाय का?" धनाजींचा आवाज चढला.

"आणि दोन हजार म्हणजे काय, निवडणुकीची सभा?" शेडगे काका म्हणाले.

"आमच्या धंद्याला नावं ठेवू नका!"

"श्लोक!" आर्वी उठून उभी राहिली. "तुझं म्हणणं काय आहे?"

श्लोकच्या चेहऱ्यावर तेच समाधान. त्याला आतून खरंच छान वाटत होतं. कानांना भांडण ऐकू येत होतं, पण कंबर म्हणत होती की सगळं उत्तम चाललंय. शेडगे काकांनी घड्याळ पाहिलं आणि चप्पल शोधू लागले. आर्वीने दारातून एकदा मागे वळून पाहिलं आणि ती गेली. ती गेल्यावर तिचा आकडा तुटला, बेरजेत एकटे पप्पा उरले, आणि पट्ट्याने श्लोकला सणसणीत मागे ढकललं. तेव्हा कुठे त्याचं हसू उतरलं.

"पोरगं यडं झालंय का गं?" धनाजींनी बायकोला हळूच विचारलं.

सोमवारी श्लोक बोकील मॅडमच्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मॅडम चिडतील असं त्याला वाटलं होतं. मॅडम हसत सुटल्या. हसता हसता त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

"म्हणजे तू वाद घालायचास तो मला बरं वाटावं म्हणून?"

"हो, मॅडम."

"मला फार बरं वाटायचं रे," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. मग खडू उचलून फळ्याकडे वळल्या. "ग्रेडियंट शून्य म्हणजे काय?"

"शिखर."

"म्हणूनच तू चार वेळा नापास झालास. शून्य म्हणजे पायाखालची जमीन सपाट, एवढंच. शिखरावर सपाट असते. खड्ड्याच्या तळाशीही सपाट असते. आणि तिसरी जागा कोणती?"

कमरेला काही जाणवतं का ते श्लोक बघत होता. मॅडमना ते कळलं. त्यांनी हात पुढे केला. श्लोकने निमूटपणे पट्टा सोडून त्यांच्या हातात दिला.

"खिंड," मॅडम म्हणाल्या. "घोड्याच्या खोगिरासारखी जागा. दोन डोंगरांच्या मधली. एका रेषेत दोन्हीकडे चढ, तिला आडव्या रेषेत दोन्हीकडे उतार. बरोबर मध्ये उभं राहिलं की पायाला सपाट लागतं. एक्सच्या वर्गातून वायचा वर्ग वजा कर आणि बघ. एक्सच्या दिशेने वाटी, वायच्या दिशेने पालथी वाटी. नुसत्या चढावरून ते कळणार नाही. चढ कसा बदलतोय ते बघायचं, विकलजाचा पुन्हा विकलज काढायचा. तू तुझे वडील आणि आर्वी यांच्या मधल्या खिंडीत उभा होतास आणि शिखरावर आल्यासारखा हसत होतास."

"मग काय करायला हवं होतं?"

"ते गणित नाही सांगत. पण त्या बेरजेत तुझा स्वतःचा आकडा का नव्हता?"

"तो आला की आकडेमोड डळमळते म्हणून, मॅडम."

"डळमळू दे की," मॅडम म्हणाल्या आणि पट्टा कपाटात टाकून त्यांनी कुलूप लावलं.

पट्टा गेला आणि श्लोकची कंबर मुकी झाली. चालताना तो भिंतीला धरून चालायचा. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं तर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. टपरीवर 'कटिंग की फुल' या प्रश्नावर त्याला घाम फुटला.

"चहा टाकू का?" आईने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुला हवाय का?"

श्लोकने बराच वेळ विचार केला. मनापासून विचार केला. "कळत नाही गं," तो म्हणाला.

आईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तिने चहा टाकला, त्याच्यासमोर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता पी आणि सांग, आवडला की नाही."

श्लोकने घोट घेतला. "आई, साखर फार आहे."

"आहेच," आई म्हणाली. "दोन महिने तशीच घालतीये. तू म्हणायचास, एक नंबर झालाय. म्हटलं, बघूया किती चालतंय."

परीक्षेला तीन आठवडे होते. श्लोकने पुस्तक उघडलं. पट्ट्याशिवाय डोंगर परत वहीत सपाट होऊन पडले होते. मग त्याला आर्वीने कधीतरी पाठवलेला एक समोच्च नकाशा आठवला. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा. रेषा दाटीने आल्या तिथे खडा चढ, विरळ झाल्या तिथे माळ. गोल गोल आत गेल्या तिथे माथा. आणि एके ठिकाणी दोन माथ्यांच्या रेषा एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या, मधे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फुली. श्लोक त्या फुलीकडे बघत राहिला. खिंड! याच खिंडीतून ती दोघं एकदा मोटारसायकलवरून गेली होती. त्याने कागद घेतला आणि प्रत्येक फलनाचा असा नकाशा हाताने काढायला सुरुवात केली. शंभर कागद फुकट गेले. कोपर दुखायला लागलं. पण डोंगर हळूहळू उभे राहिले, या वेळी डोक्यात.

त्या नकाशांत त्याला आणखी एक गोष्ट दिसली, ती अभ्यासक्रमात नव्हती. मांडवाचं कापड सपाट ताणलं तर वाऱ्याने फडफडतं, मधे पाणी साचून पोट सुटतं. घुमट करायचा तर खाली खांबांचं जंगल. पण खोगिराच्या आकारात ताणलं तर? एका दिशेने कापड वर ओढलेलं, दुसऱ्या दिशेने खाली. दोन्ही ओढी एकमेकींना धरून ठेवतील. मधे एकही खांब नको. आई धुणं वाळत घालायची त्या गच्चीवर त्याने जुनी चादर, चार काठ्या आणि सुतळी घेऊन तसं करून पाहिलं. चादर ढोलासारखी ताठ उभी राहिली. श्लोक तिच्याखाली तासभर बसून होता. हे कुणाला आवडेल का, हा प्रश्न त्याच्या मनातही आला नाही.

परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, दिलेल्या फलनाचे स्थिर बिंदू शोधा व त्यांचं स्वरूप सांगा. श्लोकने डोळे मिटले. कमरेच्या डाव्या बाजूला अगदी पुसट काहीतरी हललं. पट्टा नव्हता, पण मेंदूने शिकलेलं थोडंफार मागे राहिलं होतं. तो जागच्या जागी किंचित वळला, थांबला, पुन्हा वळला. पर्यवेक्षक समोर येऊन उभे राहिले.

"शर्ट वर करा."

श्लोकने भर वर्गात शर्ट वर केला. आत श्लोक होता, बाकी काही नव्हतं.

"मग हलताय कशाला?"

"सर, खिंड आहे," श्लोक म्हणाला आणि लिहायला लागला.

पेपर देऊन तो घरी गेला नाही. आर्वी गेले पंधरा दिवस त्याच खिंडीत पवनचक्क्यांच्या रस्त्याची मोजणी करत होती. श्लोक मोटारसायकल काढून तिथे गेला. आर्वी टोपी घालून, ड्रोनकडे मान वर करून उभी होती. तिने एकदा खाली पाहिलं आणि परत मान वर केली.

"काय पाहिजे?"

श्लोकने सगळं सांगितलं. पट्टा, चढ, शिखर. ती ऐकत होती आणि तिचे कान लाल होत होते.

"म्हणजे दोन महिने मी एका पट्ट्याबरोबर फिरत होते?"

"हो. म्हणजे, मी पण होतो. आत."

"मला वाटलं, तू सुधारलास!" ती ओरडली. "मला वाटलं, शेवटी कुणीतरी माझं ऐकतंय!"

"तसं मी ऐकतच होतो. फार ऐकत होतो."

"जा इथून."

पूर्वीचा श्लोक गेला असता. मधला श्लोक कंबर नेईल तिकडे गेला असता. आत्ताच्या श्लोकने मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली आणि परत आत टाकली. मग तो म्हणाला, "जातो, पण एक सांगून जातो. मला नोंदणी पद्धतीने लग्न नाही करायचं."

आर्वीने ड्रोन सोडून त्याच्याकडे पाहिलं.

"मला मांडव हवाय," श्लोक म्हणाला. "पप्पांचा नाही. माझा. मी एक छत शोधून काढलंय. मधे खांब नाही. मला तेच करायचंय. नुसतं लग्नापुरतं नाही, पुढेही. पुण्याला नोकरी नको मला. आणि तू मला हळू बोलतो म्हणून ओरडतेस ते मला आवडत नाही. मी हळूच बोलतो."

वारा सुटला होता. ड्रोन हवेत तसाच गुणगुणत राहिला.

"पन्नासपेक्षा जास्त माणसं मला चालणार नाहीत," आर्वी म्हणाली.

"पन्नासात मांडवाचा आकार कळणार नाही. पाचशे."

"पाचशे? श्लोक, वेड लागलंय का तुला!"

तिथून जे भांडण जुंपलं ते ड्रोनची बॅटरी संपून तो आपोआप खाली उतरेपर्यंत चाललं. आर्वी घसा बसेपर्यंत ओरडली. शेवटी दोघं दगडावर बसली आणि तिने आपल्या डब्यातली अर्धी चपाती त्याला दिली. तिचा प्रसन्नांक त्या वेळी किती होता हे श्लोकला कळायला मार्ग नव्हता. तिचे डोळे मात्र चमकत होते.

दुसरी बैठक पुढच्या महिन्यात बसली, या वेळी शेडग्यांच्या घरी. तीन तास झाले तरी उठेना. धनाजी दोन हजारांवरून आठशेवर आले होते आणि त्यांचा चेहरा कुणी गेल्यासारखा झाला होता. आर्वी दोनशेवर अडली होती. शेडगे काका म्हणत होते, माणसं कितीही असोत, सगळे अडीचच्या आत जेवून बाहेर पडले पाहिजेत. श्लोकच्या आईला पंगत हवी होती, उभ्याने जेवण नको. श्लोक चारशेच्या वर जायला तयार नव्हता, कारण त्याचं छत तेवढंच होतं. चारशेत कुणालाच पुरेसं मिळत नव्हतं. जो तो अजून आपापल्या बाजूला ओढत होता, आणि कुणाच्या ओढीने आकडा इकडचा तिकडे होत नव्हता. एम-थ्रीच्या शेवटच्या प्रकरणात होतं असं एक उत्तर. मर्यादेत राहून काढलेल्या सर्वोत्तम जागी चढ शून्य नसतो. तिथेही ओढ असतेच, फक्त पुढे जायला जागा नसते.

तेवढ्यात श्लोकचा फोन वाजला. त्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मी पास झालो," तो म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. पंगतीत जिलेबी की मोतीचूर यावर आई आणि शेडगे काका एकमेकांचं म्हणणं खोडत होते.

"एम-थ्री सुटला!"

"जरा थांब रं," धनाजी म्हणाले. "तर चारशे. ठीक हाय, गिळतो म्या चारशे. छत पोराचं, तेबी मान्य. पण चारी बाजूनं सोनेरी झालर..."

"एक मिनिट," श्लोक म्हणाला. "झालर मला मान्य नाही."

धनाजींनी मुलाकडे असं पाहिलं, जणू तो पहिल्यांदाच बोलला होता.

"झालर न्हाई?"

"नाही, पप्पा. छताचा आकार झाकला जातो. आणि खरं सांगू का, मला ती कधीच आवडली नाही. त्या दिवशी गोदामात मी नुसती मान डोलावली."

धनाजी हबकून बसले. मग त्यांच्या चेहऱ्यावर सौदा करणाऱ्या माणसाची कळा आली. "एक वीत?"

"नाही."

"चार बोटं?"

"मघाशी काय म्हणालास तू?" आर्वीने मध्येच विचारलं. "पास झालास?"

"हो."

"किती पडले?"

"एक्केचाळीस."

"शंभरात?" धनाजींनी विचारलं.

"शंभरात."

धनाजी उठले. त्यांनी मुलाला गच्च मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या, डोळे पुसले, बायकोकडे पाहिलं, शेडग्यांकडे पाहिलं आणि भरल्या आवाजात जाहीर केलं, "माझा पोरगा इंजिनेर झाला! आता झालर लावायचीच!"

"नाही," श्लोक म्हणाला.